दहा खाटांची प्रयोगशाळा

अंकगणितातली टाकीची उदाहरणे तुम्ही सोडवली असतीलच. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्या नळाने ती रिकामी होते. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? आता हेच उदाहरण थोडे बदलू या. टाकी सर्व बाजूंनी बंद आहे. आत डोकावता येत नाही. ती कुठेतरी गळत असावी अशी शंका आहे. टाकी न फोडता गळती किती आहे, हे कसे सांगाल?

उपाय सोपा आहे. टाकीत किती पाणी सोडले ते मोजायचे, बाहेर किती आले ते मोजायचे आणि वजाबाकी करायची. जेवढे आत गेले त्याहून जास्त बाहेर येत असेल, तर आतला साठा कमी होत आहे, हे न पाहताही सांगता येते.

आता टाकीच्या जागी जिवंत माणूस आहे आणि पाण्याच्या जागी त्याच्या हाडांतले कॅल्शियम आहे, असे समजा. तत्त्व तेच, पण ते अमलात आणायला किती तयारी लागते, हे पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. त्यासाठी खास वॉर्ड लागतो, खास स्वयंपाकघर लागते, परिचारिका लागतात, प्रयोगशाळा लागते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनापासून साथ देणारा रुग्ण लागतो. रुग्णांचा असा अभ्यास करणारी संशोधन केंद्रे आज जगभर विद्यापीठांच्या रुग्णालयांना जोडलेली आहेत. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९२५ साली अशा कामासाठी दहा खाटांचा एक वॉर्ड सुरू झाला. त्याची आणि त्यात राहिलेल्या एका रुग्णाची ही हकीकत आहे.

कप्तानाची घटलेली उंची

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकेच्या व्यापारी जहाजावरील कप्तान होते. धिप्पाड, उंचेपुरे तरुण. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास त्यांना विचित्र दुखणे जडले. हाडे दुखू लागली. साध्या कारणाने ती मोडू लागली. मूत्रपिंडात खडे होऊ लागले. पाठीचे मणके दबत गेले आणि उंची कमी होत गेली. काही वर्षांतच त्यांची उंची सुमारे सात इंचांनी घटली! पट्टी घेऊन सात इंच मोजून पहा, म्हणजे शरीरात काय उत्पात झाला असेल याची कल्पना येईल.

१९२६ साली ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. यूजीन डुबॉइस यांच्याकडे आले. त्यांच्या रक्तातील कॅल्शियम नेहमीपेक्षा जास्त आढळले. हाडे तर कॅल्शियमवाचून पोकळ झालेली, मग रक्तात ते जास्त कसे?

हे कोडे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. रक्तात ते फारच थोडे असते. रक्तातील द्रवभागाच्या, म्हणजे रक्तद्रवाच्या, १०० मिलिलीटरमध्ये फक्त ९ ते १०.५ मिलिग्रॅम. सुमारे तीन लीटर रक्तद्रवाचा हिशेब केला, तर एकूण ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. पण हे चिमूटभर कॅल्शियम फार मोलाचे असते. ते कमी झाले की स्नायू आखडतात, झटके येतात. फार वाढले की सुस्ती येते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून शरीर ही पातळी काटेकोरपणे सांभाळते. हाडे म्हणजे कॅल्शियमची पेढी आणि रक्त म्हणजे खिशातले सुटे पैसे. खिशात तुटवडा पडला की पेढीतून रक्कम काढायची.

ही रक्कम काढण्याचा हुकूम कोण देते? गळ्यात अवटू ग्रंथीच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. त्यांच्या स्रावाने हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. १९२५ साली जेम्स कॉलिप यांनी हा स्राव जनावरांच्या ग्रंथींतून वेगळा काढला. इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले तेच हे कॉलिप. हा स्राव कुत्र्यांना टोचला असता त्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढत असे.

कारण की परिणाम?

तुम्ही म्हणाल, मग कोडे सुटलेच की! कप्तानाच्या परावटू ग्रंथी जास्त काम करत होत्या.

इतक्या घाईने निष्कर्ष काढता येत नाही. हाडांच्या अशा रोगाने दगावलेल्या लोकांच्या शवविच्छेदनात या ग्रंथी वाढलेल्या आढळत, हे आधीपासून माहीत होते. पण त्याचा अर्थ अनेक डॉक्टर उलटा लावीत. हाडे आधी खराब होतात आणि त्यांना वाचवण्यासाठी ग्रंथी धावून येतात, म्हणून त्या वाढतात, असे त्यांचे मत होते. हे मत खरे असेल, तर रुग्णाला ग्रंथींचा स्राव आणखी द्यायला हवा. ते खोटे असेल, तर ग्रंथींची गाठ कापून काढायला हवी. दोन्ही उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध! चुकीचा उपाय केला तर रुग्णाचे नुकसान ठरलेले.

१९२५ साली व्हिएन्नातील शल्यविशारद फेलिक्स मांडल यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी एका रुग्णाच्या शरीरात आधी दुसऱ्याची परावटू ग्रंथी बसवून पाहिली. गुण आला नाही. मग त्यांनी त्याच्या गळ्यातील ग्रंथीची गाठ काढून टाकली आणि रुग्ण सुधारला. हा मोठा पुरावा होता; पण तो एकाच रुग्णाचा. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवायचे तर माणसाच्या शरीरातला कॅल्शियमचा सगळा जमाखर्च मांडायला हवा होता. निरोगी माणसाचा, रोग्याचा आणि स्राव टोचलेल्या माणसाचाही.

हे काम नेहमीच्या रुग्णालयात का होत नाही?

नेहमीच्या वॉर्डात चाळीस-पन्नास रुग्ण असतात. जेवणाची गाडी येते, वाढपी अंदाजाने वाढतो. कोणाचे नातेवाईक घरून डबा आणतात. परिचारिकेला श्वास घ्यायला फुरसत नसते. डॉक्टरांचे लक्ष रुग्णाला लवकर बरे करून घरी पाठवण्याकडे असते आणि ते योग्यही आहे. अशा गडबडीत, या रुग्णाने सकाळी नेमके किती ग्रॅम भात खाल्ला, असे विचारले तर कोण सांगू शकेल?

दुसऱ्या बाजूला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अचूक तराजू असतात, रसायने असतात. पण तेथे रुग्ण नसतो. उंदीर, ससे, मांजरे असतात. माणसाचे रोग त्यांना हुबेहूब होतातच असे नाही.

तेव्हा या दोन जागा एकत्र आणल्या पाहिजेत, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ धरू लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने १९१० साली साठ खाटांचे रुग्णालय उघडले. मोजके रोग निवडायचे, त्याच रोगांचे रुग्ण घ्यायचे, त्यांच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच शेजारच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे, अशी तेथील पद्धत होती. निवडलेल्या रोगांत न्यूमोनिया होता. त्या न्यूमोनियाच्या जंतूंचा अभ्यास करता करता याच संस्थेतील ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांचे सहकारी १९४४ साली आनुवंशिक द्रव्य म्हणजे डीएनए होय, या निष्कर्षाला पोहोचले. रुग्णाच्या खाटेपासून निघालेली वाट कुठवर जाते पहा!

वॉर्ड क्रमांक चार

बॉस्टनचे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल हे हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जुने रुग्णालय आहे. १८४६ साली ईथरची भूल देऊन केलेली प्रसिद्ध शस्त्रक्रिया येथेच झाली. या रुग्णालयात १९२५ साली दहा खाटांचा एक वॉर्ड केवळ संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला. त्याचे नाव अगदी साधे, ‘वॉर्ड ४’. वैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. जेम्स हॉवर्ड मीन्स यांचा या उपक्रमाला आधार होता. डॉ. जोसेफ ऑब तेथील कामाचे सूत्रधार होते आणि वॉल्टर बाउअर व फुलर ऑल्ब्राइट हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करीत.

डॉ. ऑब यांचा मूळ विषय होता शिशाची विषबाधा. त्या काळी शिशाच्या कारखान्यांतील आणि रंगकामातील मजूर या विषबाधेने हैराण होत. ऑब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की शरीरात शिरलेले शिसे कॅल्शियमच्या पावलावर पाऊल ठेवून चालते. कॅल्शियम हाडात साठू लागले की शिसेही हाडात साठते. कॅल्शियम बाहेर पडू लागले की शिसेही बाहेर पडते. मग हाडांतले शिसे बाहेर काढण्यासाठी त्यांनी काही रुग्णांना कॉलिप यांचा परावटू स्राव देऊन पाहिला.

आणि येथेच कप्तानाच्या कोड्याची किल्ली मिळाली. या रुग्णांची हाडे मोडकी नव्हती. तरीही स्राव दिल्यावर त्यांच्या रक्तातील कॅल्शियम वाढले आणि मूत्रातून जाणारे कॅल्शियमही वाढले. कप्तान मार्टेल यांच्या शरीरात जे आपोआप घडत होते, तेच येथे सुईने घडवून आणता आले. स्राव आधी, कॅल्शियमची गळती नंतर. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे आता स्पष्ट दिसू लागले.

कॅल्शियमचा जमाखर्च

१९२६ साली कप्तान मार्टेल यांना बॉस्टनला आणण्यात आले. वॉर्ड ४ मध्ये त्यांचा कॅल्शियमचा जमाखर्च मांडला गेला. अशा अभ्यासाची रीत कशी असते ते पाहू.

पहिली गोष्ट जेवणाची. रुग्णाला ठरावीक पदार्थ ग्रॅमवर मोजून दिले जातात. तितक्याच पदार्थांचे दुसरे ताट प्रयोगशाळेत पाठवले की त्यात कॅल्शियम किती ते कळते. ताटात काही उरले तर ते परत तोलायचे. पिण्याचे पाणीसुद्धा ऊर्ध्वपातित, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. दात घासायला खडूची पूड असलेले दंतमंजन चालत नाही, कारण खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट!

दुसरी गोष्ट खर्चाची. रुग्णाचे सर्व मूत्र आणि सर्व मल गोळा करायचा. तीन-तीन दिवसांचे गट पाडायचे. कोणता मल कोणत्या गटातला, हे ओळखण्यासाठी गटाच्या आरंभी रुग्णाला कारमाइन नावाचा निरुपद्रवी लाल रंग गिळायला देतात. मलात लाल रंग दिसला की नवा गट सुरू झाला.

तिसरी गोष्ट मोजणीची. ही तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील अनुमापनासारखीच आहे. नमुना जाळून त्याची राख करतात आणि ती आम्लात विरघळवतात. त्यात अमोनियम ऑक्झलेट घातले, की योग्य आम्लता राखल्यावर कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा अवक्षेप खाली बसतो. तो धुऊन विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचा आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. फिकट गुलाबी रंग टिकून राहिला की थांबायचे. किती द्रावण लागले त्यावरून कॅल्शियमचे वजन निघते.

समजा, तीन दिवसांत आहारातून ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेले. हे आकडे मी समजण्यापुरते घेत आहे. निरोगी माणसाच्या मलमूत्रातून त्या तीन दिवसांत ५०० मिलिग्रॅम बाहेर पडले. आहारात कॅल्शियम मुद्दाम फार कमी ठेवल्यामुळे थोडी तूट येणारच. ती २०० मिलिग्रॅम. रुग्णाच्या बाबतीत मात्र १,५०० मिलिग्रॅम बाहेर पडले. तूट १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ४०० मिलिग्रॅम. हाच वेग वर्षभर टिकला तर ४०० गुणिले ३६५, म्हणजे १,४६,००० मिलिग्रॅम किंवा १४६ ग्रॅम. शरीरातील एकूण साठा सुमारे १,००० ग्रॅम. म्हणजे एका वर्षात जवळजवळ सातवा हिस्सा गायब! मग मणके दबतील नाही तर काय?

तुलनेसाठी निरोगी माणसांचे आकडे आधी हवेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. बाउअर, ऑल्ब्राइट आणि ऑब यांनी कमी कॅल्शियमच्या आहारावर ठेवलेल्या निरोगी माणसांचे असे मापन केले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. कप्तानाच्या शरीरातून बाहेर पडणारे कॅल्शियम या माणसांपेक्षा कितीतरी जास्त होते.

चूक कोणत्या बाजूला झुकते?

आहारात कॅल्शियम इतके कमी का ठेवायचे? यात मापनशास्त्राचे एक सुंदर तत्त्व दडलेले आहे.

समजा, रुग्णाला नेहमीचा आहार दिला. तीन दिवसांत २,४०० मिलिग्रॅम जमा, २,३८० मिलिग्रॅम खर्च. फरक २० मिलिग्रॅम. आता प्रत्येक मापनात दोन टक्क्यांची चूक होऊ शकते असे धरा. २,४०० चे दोन टक्के म्हणजे ४८. चूक ४८ ची आणि फरक २० चा! अशा फरकाला काही अर्थ उरत नाही. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान उत्तर काढायचे असेल, तर चुका त्या उत्तराला गिळून टाकतात. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांत हा अनुभव वारंवार येतो. वरचा नळ बारीक केला, तरच खालची गळती नीट दिसते. म्हणून आहारातले कॅल्शियम कमी ठेवायचे.

दुसरा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. तराजूची चूक कधी जास्त, कधी कमी असते. अनेकदा मापन करून सरासरी काढली की ती बरीचशी भरून निघते. पण या अभ्यासातल्या माणसांच्या चुका बहुधा एकाच बाजूला झुकतात. रुग्णाने घास टाकून दिला आणि सांगितले नाही, तर जमा खोटी वाढते. मूत्राची एखादी बाटली सांडली किंवा गोळा करायची राहिली, तर खर्च खोटा घटतो. दोन्हींचा परिणाम एकच. शरीरात कॅल्शियम साठत आहे, असा भास होतो! अशी चूक शंभर वेळा मापन केले तरी सरासरीने जात नाही. तिला पद्धतशीर चूक म्हणतात.

यावर उपाय? एक उपाय रासायनिक आहे. स्नायूंमधून क्रिएटिनिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. एकाच माणसाच्या बाबतीत त्याचे रोजचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. एखाद्या दिवशी ते एकदम घटलेले दिसले, तर त्या दिवशीची बाटली हरवली असे ओळखावे. दुसरा उपाय मात्र कोणत्याही बाटलीत मिळत नाही. तो म्हणजे रुग्णाचा आणि परिचारिकेचा प्रामाणिकपणा. हे सारे कशासाठी चालले आहे ते रुग्णाला समजले असेल आणि पटले असेल, तर तो उरलेला घास लपवणार नाही. येथे विज्ञानाची अचूकता थेट रुग्णाच्या विश्वासावर अवलंबून असते.

सातवी शस्त्रक्रिया

कप्तानाच्या गळ्यात गाठ असली पाहिजे, असे आकडे सांगत होते. पण ती सापडेना! १९२६ पासून पुढच्या काही वर्षांत एकामागून एक अशा सहा शस्त्रक्रिया झाल्या. गळा पुनःपुन्हा तपासला गेला. गाठ नव्हतीच.

अशा वेळी मोजमापच चुकले असेल, असे म्हणून विषय सोडून देणे सोपे होते. पण आकडे पक्के होते. मग एकच शक्यता उरत होती. ग्रंथी नेहमीच्या जागी नाही, दुसरीकडे आहे. गर्भावस्थेत खालच्या दोन परावटू ग्रंथी छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर तयार होतात आणि तिच्याबरोबर खाली सरकतात. बहुतेकांच्या बाबतीत त्या गळ्यात थांबतात, क्वचित छातीपर्यंत उतरतात. कप्तान मार्टेल स्वतः ग्रंथालयात बसून शरीररचनेची पुस्तके वाचत आणि छातीत पाहा असा आग्रह डॉक्टरांना करीत, अशी नोंद आहे.

१९३२ साली एडवर्ड चर्चिल आणि ऑलिव्हर कोप यांनी सातवी शस्त्रक्रिया केली. छातीचे मधले हाड कापून आत पाहिले. गाठ तेथे होती! वजाबाकीने सांगितलेली गोष्ट सहा वर्षांनी डोळ्यांना दिसली.

गोष्ट येथे आनंदाने संपायला हवी होती. पण तसे झाले नाही. गाठीचा थोडा भाग डॉक्टरांनी मुद्दामच ठेवला होता, कारण स्राव एकदम बंद झाला तर रक्तातील कॅल्शियम धोकादायक खाली जाते. वर्षानुवर्षे उपाशी राहिलेली हाडे ते अधाशासारखे ओढून घेतात. तरीही काही दिवसांत स्नायूंचे झटके सुरू झालेच. मूत्रपिंडे तर खड्यांनी आधीच निकामी होत आली होती. शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, अडकलेल्या मूतखड्यावर केलेल्या उपचारानंतर कप्तान मार्टेल मरण पावले.

त्यांना लाभ झाला नाही. पण त्यांच्यानंतर आलेल्यांना झाला. मूतखडा झालेल्या रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम तपासावे, ही सवय ऑल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावली. त्यामुळे हाडे पोकळ होण्याच्या कितीतरी आधी हा रोग ओळखता येऊ लागला. आज हे निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होते आणि गाठ काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. त्या तपासणीच्या अहवालातील दोन-तीन आकड्यांमागे वॉर्ड ४ मधली वर्षे आहेत.

त्याच वर्षी, त्याच देशात

मित्रांनो, याच १९३२ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे रुग्णांचा आणखी एक अभ्यास सुरू झाला. तो तेथील सरकारी आरोग्य सेवेने चालवला. उपदंश या संसर्गजन्य रोगाने आजारी असलेल्या ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण त्यात केले जात होते. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले गेले नाही. आपल्यावर उपचार चालू आहेत, असे त्यांना भासवले गेले. पुढे पेनिसिलिन हे हमखास औषध मिळू लागले, तरी ते त्यांना दिले गेले नाही. हा प्रकार वृत्तपत्रांतून उघडकीस आल्यावर १९७२ साली थांबला. तोपर्यंत चाळीस वर्षे गेली होती.

दोन्ही ठिकाणी रुग्णांचे निरीक्षण होते, दोन्ही ठिकाणी नोंदी होत्या. फरक कोठे होता? बॉस्टनचा कप्तान आपल्या रोगाविषयी डॉक्टरांशी वाद घालू शकत होता. टस्कीगीच्या माणसांना आपल्याला कोणता रोग आहे, हेही माहीत नव्हते. एक संशोधनातला भागीदार होता. दुसऱ्यांना प्रयोगाचे साहित्य समजले गेले.

दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या अत्याचारांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे दहा तत्त्वे मांडली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व असे, की माणसाने स्वेच्छेने संमती दिल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करता येणार नाही. १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे डॉक्टरांसाठी नियम घोषित केले. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली याबाबतचे धोरण जाहीर केले आणि पुढे त्यात वेळोवेळी भर घातली. आता परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासात लहान मुलाला घ्यायचे असेल, तर पालकांची संमती तर लागतेच. पण सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. म्हणजे तुमच्या ‘हो’ला आणि ‘नाही’लाही किंमत आहे.

असे केंद्र उभारायचे तर

समजा, एखाद्या विद्यापीठाला रुग्णांच्या अभ्यासाचे केंद्र काढायचे आहे. इमारत बांधली, यंत्रे आणली की काम झाले, असे वाटेल. पण वॉर्ड ४ च्या अनुभवावरून यादी करून पहा.

पहिली गरज थोड्याच, पण राखीव खाटांची. दवाखान्यात गर्दी झाली म्हणून त्या खाटा दुसऱ्यांना दिल्या, तर महिन्याभराचा अभ्यास वाया जाईल. दुसरी गरज स्वतंत्र स्वयंपाकघराची. तेथील आहारतज्ज्ञ हा खरे तर मापनतज्ज्ञच असतो. तिसरी गरज बारकाईने नोंद ठेवणाऱ्या परिचारिकांची. चौथी गरज अगदी जवळ असलेल्या प्रयोगशाळेची. पाचवी गरज अशा डॉक्टरांची, की ज्यांना सकाळी खाटेशेजारी बसता येते आणि दुपारी ब्युरेट हाती धरता येते. सहावी गरज पैशाची. कारण जो रुग्ण विज्ञानासाठी आठवडेच्या आठवडे थांबतो, त्याच्याकडून त्या मुक्कामाचे पैसे मागणे योग्य नव्हे. आणि सातवी गरज संशोधकांपासून स्वतंत्र अशा नीती समितीची. तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारे आणि सामान्य नागरिकही बसतात. अभ्यास सुरू होण्यापूर्वी ही समिती विचारते, ‘याने रुग्णाला धोका किती? त्याला सर्व सांगितले आहे का? त्याला मधूनच सोडून जाता येईल का?’

पूर्वी अशा केंद्रांचा खर्च देणग्यांतून चाले. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने १९५३ साली स्वतःचे मोठे संशोधन रुग्णालय उघडले आणि १९६० च्या सुमारास विद्यापीठांतील अशा केंद्रांना सरकारी पैसा देण्याची योजना सुरू केली. २००६ पासून ती नव्या व्यापक योजनेत सामावून घेण्यात आली.

अशा केंद्रांची मर्यादाही ध्यानात घ्या. रोग कसा घडतो, हे दहा खाटांवर कळू शकते. दोन औषधांपैकी कोणते सरस, हे ठरवायला मात्र शेकडो रुग्ण लागतात आणि कोणाला कोणते औषध द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते. ती पद्धत वेगळी आणि तिचा विचार स्वतंत्र लेखातच करायला हवा.

करून पहा

एका दिवसाचा पाण्याचा जमाखर्च तुम्ही घरी मांडू शकाल. वडीलमाणसांना विचारून घरातले मोजपात्र घ्या. सकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत प्यालेले पाणी, दूध, ताक, चहा सर्व मोजून लिहा. तहान लागेल तेवढे पाणी नेहमीसारखेच प्या. प्रयोगासाठी कमी-जास्त करू नका. दुसऱ्या रकान्यात मूत्राचे माप लिहा. आता खालील प्रश्नांची उत्तरे शोधा.

१. जमा आणि खर्च यांत फरक किती आला? उरलेले पाणी शरीरात साठले, असे म्हणता येईल का? की ते आणखी कोणत्या वाटांनी गेले?

२. भात, आमटी आणि फळे यांतले पाणी तुम्ही जमेस धरले का? ते कसे मोजाल?

३. दिवसभरात किती वेळा मोजायचे विसरलात? त्या चुकीमुळे उत्तर कोणत्या बाजूला झुकले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरेखुरे लिहा. वहीत खाडाखोड झाली तरी चालेल. एक दिवस मोजताना इतके विसरायला होते, तर आठवडेच्या आठवडे एकही घास आणि एकही थेंब न लपवणाऱ्या रुग्णांनी विज्ञानाला काय दिले, हे ती वहीच तुम्हाला सांगेल.